निस्तरणाऱ्यांचा शोध

समाजाच्या अडचणींमध्ये उद्योगाच्या संधी दडलेल्या असतात, हे विधान आज व्यवस्थापनाच्या वर्गांपासून सरकारी योजनांच्या माहितीपत्रकांपर्यंत सर्वत्र आढळते. परंतु ते जसेच्या तसे स्वीकारले तर हाती फारसे काही लागत नाही, कारण कोणत्याही शहरात अडचणींना तोटा नसतो आणि तरीही त्यांपैकी फार थोड्या अडचणींतून टिकाऊ उद्योग उभे राहतात. पुण्यात वाहतूक, पाणी, कचरा, पदपथ, स्वच्छतागृहे यांविषयीची गाऱ्हाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत, ती वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहारात छापली जातात, क्षेत्रीय कार्यालयांत अर्जांच्या रूपाने साचतात आणि निवडणुकांच्या जाहीरनाम्यांत पुन्हा उगवतात. पण गाऱ्हाणे मोठे आहे एवढ्यावरून त्यात संधीही मोठी आहे असे ठरत नाही. गाऱ्हाणे आणि संधी यांच्यामध्ये एक पायरी असते, आणि ती पायरी नीट न पाहताच पुढे गेलेले अनेक उत्साही प्रयोग पहिल्या-दुसऱ्या वर्षात थांबतात.

अर्थशास्त्रज्ञ इस्रायल कर्झनर यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उद्योजकाचे मुख्य लक्षण ‘सजगता’ हे मानले. जे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे परंतु कोणाच्या लक्षात आलेले नाही ते ज्याच्या लक्षात येते तो उद्योजक, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. ही व्याख्या आकर्षक असली तरी तिच्यात एक प्रश्न अनुत्तरित राहतो, तो म्हणजे ‘कोणाच्याच लक्षात आलेले नाही’ हे ठरवायचे कोणी. एखादी अडचण खरोखर बोचणारी असेल तर ती सोसणारी माणसे हातावर हात ठेवून बसलेली नसतात. ती मिळेल त्या साधनांनी, कधी पैसे मोजून, कधी वेळ घालवून, कधी शरीर झिजवून, तर कधी अपमान गिळून तिच्यातून वाट काढतच असतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील अभ्यासक एरिक फॉन हिपेल यांनी १९८०च्या दशकात नेमक्या याच माणसांकडे लक्ष वेधले. बाजारात वस्तू येण्यापूर्वीच जे स्वतःच्या गरजेपोटी तिचे कच्चे रूप घडवतात, अशा लोकांना त्यांनी ‘आघाडीचे वापरकर्ते’ म्हटले. मराठीत त्यांच्या कामासाठी याहून जिवंत शब्द आहे: निस्तरणे. दुसऱ्याने केलेला किंवा परिस्थितीने घातलेला घोळ जो निमूटपणे आवरतो, तो निस्तरतो. स्थानिक प्रश्नांतील संधी शोधणाऱ्याने प्रश्नाकडे पाहण्याआधी तो प्रश्न आज कोण निस्तरत आहे आणि त्याची किंमत कोण, कोणत्या रूपात मोजत आहे, याकडे पाहावे, ही या प्रकरणाची मुख्य मांडणी आहे.

या दृष्टीने पाहिले असता पुण्यातील अनेक परिचित व्यवसायांचे मूळ स्पष्ट होते. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राज्यभरातून आलेले विद्यार्थी ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खोली नव्हे तर खोलीतील केवळ एक खाट भाड्याने घेऊन राहतात, आणि अशा खोलीत चार-सहा जणांच्या वर्दळीत दहा-बारा तास वाचन करणे अशक्य असते. पूर्वी हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच निस्तरत असत: कोणी ग्रंथालयाच्या दारात सकाळी रांग लावी, कोणी एखाद्या देवळाच्या सभामंडपात किंवा बागेच्या बाकावर पुस्तक घेऊन बसे. त्यातूनच खुर्ची, टेबल, दिवा, पंखा आणि शांतता एवढेच मासिक शुल्कावर देणाऱ्या अभ्यासिका निघाल्या. वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर आणि इमारतींच्या तळघरांत थाटलेल्या या अभ्यासिकांमध्ये कोणतेही नवे तंत्रज्ञान नाही. नवी आहे ती एवढीच जाण की विद्यार्थी ज्याला ‘जागा’ म्हणतो त्यात निजण्याची जागा आणि वाचण्याची जागा या दोन वेगवेगळ्या गरजा एकत्र बांधलेल्या आहेत आणि त्या सुट्या करून विकता येतात. त्याच गल्ल्यांतील खाणावळी आणि घरगुती डबे देणाऱ्या स्त्रिया, तसेच मुलांना शाळेत ने-आण करणारे ‘रिक्षाकाका’ हेही याच जातीचे व्यवसाय होत.

पैशाच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक तीव्रतेने दिसते. मंडईत किंवा रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या स्त्रीला रोज पहाटे माल उचलण्यासाठी रोख रक्कम लागते, ती तिच्याजवळ नसते आणि बँकेच्या दृष्टीने ती कर्जदारच नसते. मग ती सावकाराकडून सकाळी ९० रुपये हाती घेऊन संध्याकाळी १०० रुपये परत करते, अशा धर्तीचा व्यवहार होतो. त्यातील दहा रुपये किरकोळ वाटतात, परंतु ते ९० रुपयांवरील एका दिवसाचे व्याज आहे आणि टक्केवारीत ते दिवसाला ११ टक्क्यांहून अधिक भरते. बाहेरून पाहणाऱ्याला येथे दारिद्र्य दिसते. निस्तरण्याचा हिशेब मांडणाऱ्याला मात्र असे दिसते की ही स्त्री रोज कर्ज घेते, रोज फेडते आणि कोणत्याही बँकेच्या ग्राहकाने कधी सोसला नसता असा दर सोसूनही व्यवसाय चालवते, म्हणजेच ती अत्यंत भरवशाची कर्जदार आहे. बँकेतील नोकरी सोडून डॉ. मेधा सामंत यांनी १९९३ साली पुण्यात जे काम सुरू केले आणि जे पुढे ‘अन्नपूर्णा परिवार’ म्हणून वाढले, त्याचा पाया हाच होता. एकमेकींची हमी घेणाऱ्या स्त्रियांचे गट करून त्यांना छोटी कर्जे देणे हे तारणाच्या अभावाला दिलेले उत्तर होते, आणि त्या उत्तराची मूळ कल्पना वस्त्यांतील भिशीत व हातउसन्यांत आधीपासून होतीच.

तथापि या विषयातील पुण्याचे सर्वांत मोलाचे उदाहरण कचऱ्याचे आहे, आणि ते येथे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण त्यात संधी दिसणे, ती चुकीच्या हाती जाणे, ती परत मिळवणे आणि तिचे संस्थेत रूपांतर होणे या सर्व अवस्था एकाच शहरात, एकाच पिढीच्या हयातीत घडल्या आहेत.

शहरातील कचराकुंड्यांमधून कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचून भंगारवाल्याला विकणाऱ्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या, त्या प्रामुख्याने दलित समाजातील होत्या आणि त्यांपैकी अनेकींची कुटुंबे १९७२च्या दुष्काळात मराठवाडा व सोलापूरच्या बाजूने पुण्यात आलेली होती. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या, प्रौढशिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण या १९९०च्या सुमारास वस्त्यांत साक्षरतेचे काम करत असताना त्यांचा या स्त्रियांशी संबंध आला. अक्षरे शिकवण्यापूर्वी त्यांनी या स्त्रियांबरोबर कुंड्यांपर्यंत जाऊन काम पाहिले, आणि त्यातून एक साधी पण निर्णायक बाब समोर आली: कचऱ्यातील वस्तूंची किंमत कुंडीत पडताना नाहीशी होते. घरातून निघताना कोरडा असलेला कागद उष्ट्या अन्नात मिसळला की भंगाराच्या दुकानात त्याला भाव राहत नाही, आणि वेचणारीचा अर्धा दिवस घाण उपसण्यातच जातो. तोच कागद घराच्या दारातच वेगळा मिळाला तर मालही चांगला, श्रमही कमी आणि आरोग्याची हानीही कमी. ‘ओला’ आणि ‘सुका’ हे आज प्रत्येक पुणेकराच्या तोंडी असलेले भेद पर्यावरणाच्या शिकवणीतून येण्यापूर्वी भंगाराच्या काट्यावर ठरलेले होते, हे विसरता कामा नये.

त्यानुसार काही वेचक स्त्रियांना घरोघरी जाऊन वेगळा केलेला कचरा घेण्याची व्यवस्था प्रयोगादाखल सुरू झाली. आणि तेव्हा जे घडले ते संधीच्या शोधाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. हा प्रयोग चालू होता त्याच भागात एका व्यावसायिकाने वाहन घालून दारोदारी कचरा गोळा करण्याची सेवा सुरू केली. पाठ्यपुस्तकी भाषेत बोलायचे तर त्याने संधी अचूक हेरली होती: नागरिकांना कुंडी नको होती, सेवा हवी होती आणि कचऱ्यातील सुका माल विकून उत्पन्नही होणार होते. परंतु त्या सेवेमुळे कुंडीवर आणि दारावर जगणाऱ्या स्त्रियांची रोजीरोटी एका झटक्यात संपणार होती. त्या संघटितपणे विरोधात उभ्या राहिल्या आणि ती सेवा थांबली. कर्झनर यांची सजगता त्या व्यावसायिकाकडे निश्चित होती. कमी पडले ते एवढेच की रिकाम्या दिसणाऱ्या जागी आधीपासून कोणी उभे आहे हे त्याला दिसले नाही, किंवा दिसूनही त्याची गणना झाली नाही. एखादे काम कमी प्रतिष्ठेचे असले की ते करणाऱ्यांची उपस्थितीच हिशेबातून गळते, आणि मग जी वस्तुतः दुसऱ्याची उपजीविका असते तिला ‘न वापरलेली संधी’ असे नाव पडते.

या प्रसंगाने संघटनेची गरज पटली. मे १९९३ मध्ये हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने शहरातील कचरावेचकांची परिषद भरली, तिला ८००हून अधिक वेचक उपस्थित राहिले, आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. पंचायतीने प्रथम मागितली ती मदत नव्हे, तर ओळख. वेचक हा कामगार आहे आणि त्याचे काम शहराच्या उपयोगाचे आहे, हे मान्य करून महानगरपालिकेने ओळखपत्रांना मान्यता द्यावी, अशी ती मागणी होती, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास ती मान्य झाली. पुढे सभासदांची पतसंस्था निघाली, ‘कष्टाची कमाई’ या नावाने संघटनेची स्वतःची भंगाराची दुकाने निघाली, आणि महापालिकेने वेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरण्याची जबाबदारी घेतली.

या सर्व वाटचालीत एक हिशेब कळीचा ठरला. वेचक जो माल भंगारात नेतात तो महापालिकेला उचलावा, वाहून न्यावा आणि डेपोत टाकावा लागत नाही, म्हणजेच त्यांच्या श्रमामुळे महापालिकेचा खर्च वाचतो. परंतु हा वाचलेला खर्च कोणत्याच खातेवहीत लिहिलेला नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ साली झालेल्या पुण्यातील भंगार व्यवसायाच्या अभ्यासाने या बचतीचे मोजमाप मांडले. उद्योजकतेच्या चर्चेत नवनिर्मितीला, यंत्राला, भांडवलाला मोठे स्थान मिळते. मोजमापाला ते मिळत नाही, हे खेदाचे आहे. ज्या कामाला भाव नाही त्याचा हिशेब मांडणे हे स्वतःच उद्योजकाचे काम आहे, आणि बहुधा सर्वांत अवघड काम आहे.

त्याच सुमारास कायद्यानेही वाट मोकळी केली. केंद्र सरकारच्या २०००च्या घनकचरा नियमांनी घरोघरी कचरा गोळा करणे नगरपालिकांवर बंधनकारक केले. पालिकांकडे त्यासाठी माणसे नव्हती आणि वेचकांकडे अनुभव होता. प्रायोगिक टप्प्यानंतर ‘स्वच्छ’ ही वेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आकाराला आली आणि २००८ साली तिचा पुणे महानगरपालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. या व्यवस्थेची घडण नीट समजून घेण्याजोगी आहे. वेचक घरोघरी जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा घेते, ढकलगाडीतून तो ‘फीडर पॉइंट’वर, म्हणजे महापालिकेचे वाहन जेथे उभे राहते त्या ठरलेल्या ठिकाणी पोहोचवते, आणि सुक्यातील विकण्याजोगा माल वेगळा काढून स्वतः विकते. तिचे उत्पन्न दोन ठिकाणांहून येते: प्रत्येक घराने थेट तिला द्यायचे मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री. महापालिका तिचा पगार देत नाही. महापालिका साधने आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च देते. त्यामुळे भंगाराचे भाव पडले तरी शुल्काचा आधार राहतो, आणि माल जितका चांगला वेगळा होईल तितका तिचा फायदा असल्याने वर्गीकरणावर देखरेख करायला वेगळा मुकादम लागत नाही. आज या संस्थेत साडेतीन हजारांहून अधिक वेचक काम करतात. कराराचे नूतनीकरण दर वेळी सुखासुखी झाले असे नाही. यंत्रे आणि मोठे ठेकेदार आणण्याचा आग्रह अधूनमधून डोके वर काढतो, आणि प्रत्येक वेळी तीच जुनी बाब पुन्हा सिद्ध करावी लागते, की काम करणारे आधीच येथे आहेत.

शहराच्या दुसऱ्या टोकाला हाच कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थ निस्तरत होते. तेथील डेपोत वर्षानुवर्षे मिश्र कचऱ्याचे डोंगर साचले, विहिरींचे पाणी खराब झाले, दुर्गंधीने जगणे अवघड झाले आणि ग्रामस्थांनी वारंवार आंदोलने करून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की शहरात कचरा तुंबे, आणि तेव्हाच शहराला या कचऱ्याची खरी किंमत कळे. गावकऱ्यांच्या या विरोधानेच कचरा जेथे निर्माण होतो तेथेच जिरवण्याच्या प्रयोगांना गती दिली: प्रभागांतील बायोगॅस प्रकल्प, कात्रज भागात ‘स्वच्छ’, महापालिका आणि मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेच्या ‘जनवाणी’ उपक्रमाच्या सहकार्याने झालेला शून्य कचरा प्रभागाचा प्रयोग, आणि त्यांच्या अवतीभोवती वाढलेले अनेक छोटे उद्योग. जोवर एखाद्याला आपला घोळ दुसऱ्याच्या दारात फुकट टाकता येतो, तोवर त्यावरील उपायाला बाजार मिळत नाही. फुरसुंगीच्या ग्रामस्थांना याचे श्रेय क्वचितच दिले जाते, पण पुण्यातील कचरा-उद्योगाचा बाजार घडवण्यात त्यांचा वाटा कोणत्याही गुंतवणूकदाराहून मोठा आहे.

घरोघरच्या संकलनातून पुढचे प्रश्न उघडे पडले, कारण हाताने वर्गीकरण करणारी व्यक्ती कचऱ्याची सर्वांत बारकाईने तपासणी करणारी व्यक्ती असते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडेच टाकले जात, आणि ते हाताळणे वेचकांच्या आरोग्याला व सन्मानाला सारखेच बाधक होते. त्यांनी प्रथम जुन्या वर्तमानपत्रांपासून अशा पॅडसाठी खास पिशव्या बनवून विकल्या. पुढे कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम पुण्यात सुरू झाली, ज्यायोगे आत काय आहे ते न उघडता कळावे. पॅडच्या उत्पादकांनी या कचऱ्याची जबाबदारी घ्यावी, ही मागणीही वेचकांनीच लावून धरली. काही वर्षांनी याच शहरात अजिंक्य धारिया या तरुण अभियंत्याने ‘पॅडकेअर’ ही कंपनी सुरू केली. कार्यालये व संस्थांतील स्वच्छतागृहांत ठेवलेल्या विशेष डब्यांतून वापरलेले पॅड गोळा करायचे, त्यांचे तुकडे करून निर्जंतुकीकरण करायचे आणि त्यांतील काष्ठतंतूंचा लगदा व प्लास्टिक वेगळे करून पुन्हा वापरात आणायचे, ही तिची पद्धत आहे. येथे यंत्राइतकाच ग्राहकाचा निर्णय महत्त्वाचा आहे. घराला या सेवेचे वेगळे पैसे द्यायला लावणे कठीण होते. कार्यालयाला मात्र तुंबणाऱ्या सांडपाण्याच्या नळ्या आणि कर्मचारी स्त्रियांची गैरसोय यांचा खर्च आधीच होत होता, त्यामुळे शुल्क देण्याची तयारी तेथे होती.

वेफर्स आणि बिस्किटांच्या चकचकीत पाकिटांची कथाही अशीच आहे. प्लास्टिक आणि धातूचे अतिपातळ थर एकमेकांना चिकटवून ती बनवलेली असतात, हे थर सुटे करणे महाग पडते, म्हणून भंगारात त्यांना भाव नाही आणि वेचक ती उचलत नाहीत. भंगारात ज्याला भाव नाही त्याची यादी ही खरे तर शहराच्या संशोधन-विषयांची यादी आहे. अनिश मालपाणी यांच्या ‘आशय’ या पुण्यातील उपक्रमाने अशा पाकिटांपासून मिळवलेल्या साहित्याचे गॉगल २०२३ साली बाजारात आणले, तेव्हा त्यांची मोठी चर्चा झाली. परंतु त्या चर्चेत उत्पादनाच्या नावीन्याला जितकी जागा मिळाली, तितकी हा कचरा वेचणाऱ्यांच्या उत्पन्नात भर पडावी या मूळ हेतूला मिळाली नाही.

संधी ओळखताना सर्वाधिक फसवणूक होते ती ‘वापरणारा’ आणि ‘पैसे देणारा’ यांना एकच समजण्यामुळे. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे ही पुण्याच्या मध्यवर्ती भागातील अत्यंत जुनी आणि लाजिरवाणी उणीव आहे. ही उणीव स्त्रिया कशा निस्तरतात हे कोणत्याही घरात विचारले तरी कळेल: बाहेर पडण्यापूर्वी पाणी न पिणे, कामे अर्धवट टाकून घरी परतणे, ओळखीच्या दुकानात संकोचाने विचारणे. फिरत्या शौचालयांच्या व्यवसायात १९९९पासून असलेल्या ‘साराप्लास्ट’चे राजीव खेर आणि त्यांच्या सहकारी उल्का सादलकर यांनी २०१६ साली महापालिकेच्या सहकार्याने सेवेतून बाद झालेल्या बसचे स्त्रियांच्या स्वच्छतागृहात रूपांतर केले आणि त्याला ‘ती’ हे नाव दिले. पाच रुपयांच्या शुल्कात स्वच्छ शौचालय, बाळाला पाजण्यासाठी जागा आणि देखरेखीला स्त्री कर्मचारी ही तिची वैशिष्ट्ये होती. बसला बांधकामाची परवानगी आणि जमिनीची मालकी लागत नाही, ही त्यातील खरी कल्पकता. पण पाच रुपयांत पाणी, वीज, सफाई आणि पगार भागत नाहीत, हे साधे गणित आहे; म्हणून जाहिरात, खाद्यपदार्थांची विक्री, कंपन्यांचा सामाजिक निधी अशा पूरक उत्पन्नावर अशी व्यवस्था अवलंबून राहते आणि त्यांपैकी एखादे आटले की बस उभी असूनही बंद पडते. अशी सेवा उभी करणाऱ्याने शुल्काचा दर ठरवण्याआधी तिचा खरा लाभार्थी कोण याची पूर्ण यादी करणे हिताचे असते: रस्त्यावरील दुकानदार, बाजारपेठ, बससेवा आणि महापालिका हे सर्व या स्वच्छतागृहाचे लाभार्थी आहेत, आणि एकट्या वापरणारीकडून सगळी किंमत वसूल करणे जितके अव्यवहार्य तितकेच अन्यायाचे आहे.

याच्या अगदी उलट टोकाला पाण्याच्या टँकरचा व्यवसाय आहे. महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. त्यांपैकी अनेक ठिकाणी इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्या मागे राहिल्या. उन्हाळ्यात तेथील अनेक सोसायट्यांचा टँकरच्या पाण्यावरील खर्च देखभाल शुल्काला मागे टाकतो. बाजाराच्या निकषावर टँकर हा पूर्णतः यशस्वी उद्योग आहे, कारण गरज तीव्र आहे, ग्राहक पैसे देतो आणि मागणी दर वर्षी वाढते. मात्र तो प्रश्नावर जगतो, प्रश्न सोडवत नाही. ज्या बोअरमधून आणि विहिरींतून तो पाणी भरतो त्यांची पातळी खालावली की टंचाई वाढते आणि टंचाई वाढली की त्याचा धंदा वाढतो. त्याच सोसायट्यांत पावसाचे पाणी बोअरमध्ये मुरवणारा किंवा प्रत्येक घराच्या वापराचे मीटर बसवून देणारा व्यावसायिक मात्र आपल्या कामाने पुढील गरज कमी करतो आणि म्हणून त्याला सतत नवा ग्राहक शोधावा लागतो. स्थानिक प्रश्नांवरील उद्योगांची पारख करताना नफ्याच्या आकड्याबरोबर, हा उद्योग वाढला तर मूळ प्रश्न वाढतो की घटतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो विचारण्याची सवय आपल्या व्यवस्थापन-शिक्षणाला अद्याप लागलेली नाही.

प्रत्यक्ष शोधाची पद्धत यावरून बरीचशी उलगडते. प्रश्नावली घेऊन ‘तुमच्या अडचणी काय’ असे विचारले तर वर्तमानपत्रात वाचलेल्या अडचणीच उत्तरात परत येतात. त्याऐवजी ‘काल हे काम कसे केले’ असे विचारले की निस्तरण्याची खरी रीत, तिला लागलेला वेळ आणि तिच्यावर गेलेले पैसे बाहेर येतात. सकाळी सहा ते दहा या वेळेत वेचकाबरोबर चालणे, सोसायटीच्या वॉचमनशी आणि सचिवाशी बोलणे, भंगाराच्या दुकानात काट्याशेजारी बसून कोणता माल परत फिरवला जातो ते पाहणे, एका महिन्याच्या देखभाल खर्चाची पावती ओळीने वाचणे, ही कामे कंटाळवाणी असली तरी त्यांना पर्याय नाही. चिकरमाने आणि नारायण यांच्या हाती जे लागले ते याच रीतीने लागले.

अशा निरीक्षणाला आज पुण्यात वाव देणारी एक जागा बहुतेक सोसायट्यांच्या मागील कोपऱ्यात आढळते. इमारतीच्या बांधकामाबरोबर गांडूळखताचे खड्डे बांधण्याची अट शहरात बऱ्याच वर्षांपासून आहे. गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण यांपैकी एक व्यवस्था असल्यास मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलत मिळते. शिवाय २०१६च्या घनकचरा नियमांनी रोज सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांवर आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे अट आहे, सवलत आहे, जागा आणि कच्चा मालही आहे, तरी यांपैकी असंख्य खड्डे रिकामे आहेत किंवा माती-राडारोड्याने भरलेले आहेत. याचे कारण शोधत गेले तर दिसते की खड्डा बांधण्याची जबाबदारी एका दिवसाची आणि एकाची होती, तर तो चालवण्याचे काम रोजचे आणि कोणाचेच नव्हते. ओल जास्त झाली की वास सुटतो, वास सुटला की पहिल्या मजल्यावरील रहिवासी तक्रार करतात, तक्रार आली की समिती खड्डा बंद करते. हा गुंता यंत्राचा नसून निगेचा आहे. रोज कचरा खालीवर करणे, सुका पालापाचोळा मिसळून ओल आटोक्यात ठेवणे, तयार खत चाळून सोसायटीच्या बागेला देणे किंवा विकणे ही निगा ठरलेल्या मासिक मोबदल्यावर घेणाऱ्या काही छोट्या संस्था आणि ‘स्वच्छ’चे सभासद आज हे काम करतातही. मागणीच्या मानाने त्यांची संख्या अपुरी आहे. आणि जेथे ते काम नीट चालते तेथे खत चाळणारी स्त्री बहुधा तीच असते, जी पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावरच्या कुंडीत उतरून कागद वेचत होती.